प्रोटीनची रचना हाती असेल, तर मशीन लर्निंगने त्याचे कार्य ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते, पण नुसत्या घडीवर, म्हणजे प्रोटीनची साखळी दुमडून बनलेल्या एकूण आकारावर, विसंबू नका. टिम बॅरल ही एकच घडी कितीतरी वेगवेगळ्या कामांच्या एन्झाइममध्ये सापडते. उलट कायमोट्रिप्सिन आणि सबटिलिसिन या एन्झाइमच्या घड्या अगदी निराळ्या, तरी सेरीन, हिस्टिडीन, अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लांचे त्रिकूट दोघांतही तसेच मांडलेले आणि काम एकच, प्रोटीन तोडण्याचे! मला हे उदाहरण फार सुंदर वाटते.

म्हणूनच २०२१ मधल्या डीपएफआरआयसारख्या पद्धती अवकाशात जवळ असलेली अमिनो आम्ले जोडून आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे, बनवतात. त्यावर शिकलेले न्यूरल नेटवर्क कार्य सुचवते, शिवाय कोणत्या अमिनो आम्लांमुळे तेही दाखवते.

प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीच्या डेटाबेसमधून रचना घेऊन सुरुवात करा. चाचणीची प्रोटीन्स मात्र प्रशिक्षणातल्यांची भावंडे, म्हणजे त्यांच्याशी फार मिळतीजुळती, नसावीत, नाहीतर अचूकता फसवी दिसते.