कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर खरंच उकळतो का? घरी भिजवणं धोक्याचं आहे का?

हो, उकळतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. त्याला पाणी लागलं की एवढी उष्णता सुटते की पाणी फसफसून उडतं. म्हणून पिंपात आधी पाणी, मग थोड्या थोड्या कळ्या; उलटं कधीच नको. प्लास्टिकची बादलीही नको.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना. दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून बंद गॉगल आणि हातमोजे घालाच, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात गेलाच तर अजिबात चोळू नका. लगेच वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.