सरकारी कामांच्या पुरवठा साखळीतलं कार्बन उत्सर्जन कसं मोजायचं? ठेकेदार तर माहितीच देत नाहीत

ठेकेदाराला प्रश्नावली पाठवूच नका. आमच्या जळगाव-धुळ्याकडे गावरस्त्याची कामं घेणाऱ्याला 'तुमचं उत्सर्जन किती?' विचारलंत तर 'साहेब, आते हाई काय नवीन शे?' एवढंच ऐकाल. त्याचं चुकतं असंही नाही. विकत घेतलेल्या मालामागचं उत्सर्जन, म्हणजे स्कोप ३, हे घेणाऱ्याचं खातं. हिशोब आपणच मांडायचा.

मी बांधकाम विभागातला, एमबी म्हणजे कामाचं मोजमाप पुस्तक भरणारा माणूस. तुम्हाला हवी असलेली बरीचशी माहिती दप्तरातच असते. किती घनमीटर काँक्रीट पडलं ते एमबीत, खडी-वाळू किती किलोमीटरवरून येणार ते अंदाजपत्रकाच्या लीड तक्त्यात.

सल्लागार मात्र बिलाची रक्कम घेतात आणि रुपयामागे किती उत्सर्जन, या ठरलेल्या गुणांकाने गुणून मोकळे होतात. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या २०११ च्या स्कोप ३ मानकात ही पद्धत बसते, पण आपल्याकडे ती फसवी. काम १५ टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराच्या निविदेने गेलं की कागदावर कार्बनही १५ टक्के उतरतो. सिमेंटची एक गोणीही कमी झालेली नसते. (निदान होऊ नये!)

एक हिशोब करूनच बघा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर पावणेसोळा टन. ओपीसीला (साध्या पोर्टलँड सिमेंटला) टनामागे साधारण ०.८ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेबारा टन. आता वाहतूक. खडी-वाळू ८०-८५ टन, डंपरच्या सहा खेपा. लीड ४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८०, लिटरला साडेतीन किलोमीटर. एकूण डिझेल १४० लिटरच्या आत. लिटरला २.६८ किलो धरलं तरी पाऊण टनाच्या बरंच खाली. धूर डंपरचा दिसतो, पण खरं उत्सर्जन सिमेंटच्या भट्टीत होतं. चुनखडी भाजताना तिच्यातूनच वायू सुटतो, ते इंधन बदलून थांबत नाही.

म्हणून पहिला प्रश्न सिमेंट कुठलं, हा. राख मिसळलेलं पीपीसी ०.६ च्या आसपास येतं, आणि राख तर भुसावळला दीपनगरच्या वीजकेंद्रात रोज निघते. जिथे तांत्रिक मंजुरीत पीपीसी चालतं तिथे तेवढ्यानेच तीनेक टन वाचतात.

कामात वीज वापरली असेल तर तिचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा, देशभराच्या ग्रिडचा घ्या, युनिटला सुमारे ०.७ किलो. दीपनगर जवळ आहे म्हणून जास्त किंवा साक्रीला सौर प्रकल्प आहे म्हणून कमी, असं करू नका. कुठला गुणांक, कुठल्या वर्षाचा, हे त्याच ओळीत लिहा. पुढच्या वर्षी गुणांक बदलला तर फरक कामातला की कागदावरचा ते कळेल.

ठेकेदाराकडून मागायचंच असेल तर सिमेंटच्या बिलाची प्रत मागा. डांबराची चलनं तो बिलासोबत देतोच, त्यात आणखी एक कागद.