शोधनिबंध लिहिताना: अकरावी-बारावीच्या मुलांचे प्रश्न

‘मराठवाड्यातील दुष्काळ’ हा विषय घेतलाय. माहिती ढीगभर मिळते, पण लिहायला बसलं की काही सुचत नाही. (अकरावी, लातूर)

तू विषय घेतलास, प्रश्न घेतला नाहीस. गाव, काळ आणि एक शंका, या तिन्हींनी विषय आवळ. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या उन्हाळ्यात तुझ्या गल्लीत टँकर किती दिवसांआड यायचा, कोणाच्या दारापर्यंत पोचायचा, कोणाला लांबून घागरी आणाव्या लागायच्या आणि का? हे दारोदार विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि शोध तो हाच. प्रश्न एका वाक्यात लिही. त्यात ‘का’ किंवा ‘कसं’ नसेल तर बहुतेक वेळा नुसतं वर्णन होतं. दोन हजार शब्दांत एकच प्रश्न नीट मावतो.

आजोबा म्हणतात, बहात्तरला रोजगार हमीचा कायदा होता. पुस्तकात १९७७ आहे. कोणाचं धरू? (बारावी, बीड)

सालासाठी पुस्तकाचं धर. कायदा १९७७चा, अमलात आला १९७९ला. पण बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यांची, खडी फोडायची, पाझर तलावांची कामं निघाली होती. आठवणीत दोन्ही एक होतात. म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. मजुरी हातात किती पडायची, सुकडी (दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) कोणाला मिळायची, गाव कोणी सोडलं, हे त्यांनाच विचार.

मात्र ‘कोणत्या साली?’ असं विचारू नकोस. उत्तर अंदाजाने येतं. पोलीस ॲक्शनच्या (हैदराबाद संस्थानावरची भारतीय लष्कराची कारवाई, सप्टेंबर १९४८) आधी की नंतर? किल्लारीच्या भूकंपाच्या (३० सप्टेंबर १९९३) वेळी थोरली आत्या सासरी गेली होती का? असं विचारलंस की काळ बराच नेमका सापडतो. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घे, बैठक पाऊण तासात आटोप आणि त्याच रात्री बोलणं उतरवून काढ. त्यांची बोली पुस्तकी करू नकोस. एकाच आळीतल्या, एकाच भावकीतल्या तिघांना विचारलंस तर तीन मुलाखतींची मेहनत होते आणि हाती एकच बाजू लागते. वाड्यातल्या आजी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या आजी, दोघींकडे जा. विहिरीवर पाणी कोणाला शेंदता यायचं, हे दोघी वेगळं सांगतील.

निजामकाळातल्या जमिनीच्या कागदावर सन १३५१ लिहिलाय. हा कोणता? (अकरावी, परभणी)

फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष. इसवी सन काढायला त्यात ५९० मिळव. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारीपासूनच्या नोंदीला ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे १३५१ हे १९४१-४२. कागद उर्दूत असेल तर जाणकाराकडून वाचून घे आणि कोणी वाचून दिला तेही निबंधात लिही.

संदर्भ शेवटी एकदम लिहिले तर चालतील का? (बारावी, नांदेड)

नाही. पंधरा दिवसांनी पान क्रमांक आठवत नाही, मग मुलं अंदाजे टाकतात. वहीचं पान उभं दुमड: डावीकडे पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, पान, उजवीकडे वाचलेलं तुझ्या शब्दांत. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य तिथल्या तिथे अवतरणचिन्हांत टाक, नाहीतर महिन्याने ते तुला स्वतःचंच वाटू लागेल.