आजच्या काळात मातीचं घर बांधावं का? भूकंपात ते धोक्याचं नाही का?

बांधा की. 'भूकंपात धोक्याचं' हे वाचून मात्र राहवलं नाही. आमचे थोरले काका प्रत्येक लग्नकार्यात हेच ऐकवतात.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा आमचं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर उभं राहिलं. एका भिंतीचा बाहेरचा पदर तेवढा ढासळला. तरी "माती माणसं गिळते" म्हणत काकांनी ते पाडून स्लॅब टाकला. आता मे महिन्यात दुपारी त्या स्लॅबखाली कुणी थांबत नाही. काका स्वतः शेजारच्या माळवदाखाली पत्ते कुटत बसतात.

किल्लारीत घात केला तो बांधणीने. भिंती दोन-अडीच फुटी, पण दगडांचे आतला-बाहेरचा असे दोन सुटे पदर, मध्ये चिखल नि कपच्या. दोघांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. छपरावर दरसाल पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर, जुना कुणी काढत नसे. दोन फूट थर म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-दहा टन! जिथे हे ओझं लाकडी खांबांवर होतं, तिथे काही घरांत भिंती पडूनही माळवद तरलं. हे सांगितलं की काका विचारतात, "तू इंजिनिअर आहेस का?" नाही. पण मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी आयएस १३८२७ हे भारतीय मानक आहे, ते वाचता येतं मला.

तेव्हा माती भिंतीत ठेवा, डोक्यावर नको. छप्पर हलकं घ्या. खिडक्या-दारांच्या वर सगळ्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारा घरभर सलग पट्टा हवाच. काळी माती चालणार नाही, ती फुगते-आकसते. पाच ते आठ टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटा उत्तम. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अशा विटांच्या बहुमजली इमारती आहेत. 'सिमेंटचा कणही नको' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हां, वाळवी लागते, गिलावा पुन्हापुन्हा करावा लागतो, जाणता गवंडी शोधावा लागतो आणि बँका कर्जाला कां-कू करतात. वर्षभर कुलूप लावून ठेवणार असाल तर या भानगडीत पडूच नका.

आणि जागेवर जुनं घर असेल तर पाडण्याआधी तुळया सुताराला दाखवा. आमच्या सागवानी होत्या. काकांनी सरपणाच्या भावात विकल्या.