रात्रपाळीत २२ पेशंट आणि सिस्टर एकच: नोकरी सोडावी का?

सिस्टर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून तुम्ही जिल्ह्याच्या गावी ६० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात लागलात, त्याला ४ वर्षं ४ महिने झाले. पगार १७ हजार. दिवाळीपासून तिघी सोडून गेल्या, १२ जणींच्या ९ झालात आणि जागा तशाच रिकाम्या आहेत. रात्री २२ पेशंट, तुम्ही आणि एक मावशी. आठवड्यातून दोनदा डबल ड्यूटी, आणि ऑफ लागला की सकाळीच फोन. मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, म्हणतात, "तूही गेलीस तर पेशंटचं काय?" आता सोडू की थांबू, हे तुम्ही विचारलंय.

माझं मत: सोडा. पण उद्या नको. साधारण चार महिन्यांनी, दुसरीकडची ऑर्डर हातात घेऊन. मी पुष्कळ वर्षं खासगीत काम केलं आणि आता सरकारी रुग्णालयात आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बघून बोलतेय.

तुम्ही लिहिलंय, "माझाच स्पीड कमी पडतो की काय असं वाटतं." आधी कागद-पेन घेऊन हे गणित करा. वॉर्डातली एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एका सिस्टरच्या आठवड्याला ६. म्हणजे एका जागेला साडेतीन सिस्टर लागतात. आजारपण, रजा, बाळंतपण धरून भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) निकषात आणखी ३० टक्के राखीव आहेत, ते मिळवले की साडेचार. तुम्ही ९ जणी आहात. ९ भागिले साडेचार म्हणजे दोन. साठ खाटांना एका वेळी दोन सिस्टर. तुमच्या वाट्याला २२ पेशंट येतात ते इथून येतात. तुम्ही कितीही भरभर चाललात तरी ह्या आकड्यात फरक पडत नाही. परिषदेचा निकष मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, असा आहे. पाचमागे एक धरली तरी साठ खाटांना १२ आणि राखीव धरून १६ व्हायला हव्यात. म्हणजे दिवाळीच्या आधी बारा जणी होतात तेव्हाही तुम्ही कमीच होतात. तेव्हा तुमच्या अंगावर निभावलं गेलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

म्हणून थांबायचं की नाही, याचं उत्तर तुमच्या थकव्यात शोधू नका. थकवा चांगल्या हॉस्पिटलातही येतो. ही कमतरता तात्पुरती आहे की हॉस्पिटल चालवायची पद्धतच ही आहे, ते बघा. मेट्रनना सरळ विचारा: जाहिरात दिली का? किती पगार सांगितला? मुलाखती कोणत्या तारखेला आहेत? जागा भरेपर्यंत काही खाटा बंद ठेवणार का? माझ्या ओळखीच्या एका सिस्टरांच्या हॉस्पिटलात अशीच वेळ आली होती. तिथल्या डॉक्टरांनी नवी माणसं येईपर्यंत दहा खाटांवर ॲडमिशन घेणं थांबवलं आणि पगार वाढवून जाहिरात दिली. त्या थांबल्या, आणि मला वाटतं बरोबर केलं. तुमच्याकडे मात्र दिवाळीपासून ॲडमिशन एकही कमी झालेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तीन पगार वाचताहेत आणि काम होतंय, मग जागा भरायची घाई कुणाला असणार?

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड ही हाय अलर्ट औषधं, म्हणजे मात्रा चुकली तर जिवावर बेतणारी. डोस एकीने काढायचा, दुसरीने स्वतंत्रपणे तपासायचा, मग द्यायचं. रक्त चढवताना बॅगेवरचा नंबर, गट, पेशंटचं नाव दोघींनी मिळून बघायचं. हे आपण पहिल्या वर्षापासून घोकलंय. तुम्ही एकट्या आहात म्हटल्यावर रात्री दोन वाजता दुसरी कोण आहे तपासायला? मावशी जिवाला जीव देतात, पण औषधाच्या बाटलीवरची (व्हायल) मात्रा तपासणं हे त्यांचं काम नाही. त्यात डबल ड्यूटी असली की तुम्ही दुपारपासून उभ्या असता. अशा रात्री काही झालं नाही, तर ते नशीब. हॉस्पिटलच्या व्यवस्थेचं त्यात काही श्रेय नाही.

आणि काही झालं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झालं तर ती मर्यादा दोन वर्षांवर आणली आहे. त्या सवलतीत परिचारिकांचा उल्लेख नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो. पण आज कायदा असा आहे, आणि चार्टवर सही तुमची असते. रोस्टर कुणी लावला, जागा का भरल्या नाहीत, हे चार्टवर कुठेच नसतं.

म्हणून आजपासून ते लिहायला लागा. पाळी सोपवताना (ओव्हर देताना) रिपोर्ट बुकात रोज एक ओळ: तारीख, पाळी, पेशंट किती, त्यातले सिरियस किती, सिस्टर किती. तक्रारीचा सूर नको, फक्त आकडे. आणि मेट्रन व वैद्यकीय संचालकांच्या नावे एक साधा अर्ज: रात्री एकच परिचारिका असल्याने हाय अलर्ट औषधं दोघींनी तपासणं शक्य होत नाही, कृपया दुसरी परिचारिका द्यावी. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर ईमेलने पाठवा. उरलेल्या आठ जणींपैकी जितक्या सही करतील तितकं चांगलं. एकटीच्या सहीला "हिचाच स्वभाव तसा" म्हणून बाजूला सारता येतं. सहा जणींच्या सह्यांना तसं म्हणता येत नाही.

मेट्रनच्या "पेशंटचं काय?" ह्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तेच तुम्हाला झोपू देत नाहीये, असं दिसतं. मेट्रन बहुधा मनापासून बोलल्या असतील. त्यांच्यावरही वरून दडपण असतं आणि रोस्टर पुरवता पुरवता त्यांची दमछाक होते. पण पेशंटला दाखल करून घेण्याचा निर्णय तुम्ही घेतला नव्हता. त्याच्याकडून नर्सिंग चार्जेस हॉस्पिटल घेतं, तेव्हा नर्स पुरवण्याची जबाबदारीही हॉस्पिटलचीच आहे. तुम्ही डबल ड्यूटी करता तेव्हा ती रिकामी जागा रोस्टरवर भरलेली दिसते. रकान्यात नाव असतं, मालकांना तेवढं पुरतं. मी खासगी सोडली तेव्हा मलाही असंच बोललं गेलं होतं. मी गेल्यावर काय झालं, तर वरच्या मजल्यावरच्या खाटा काही महिने बंद ठेवाव्या लागल्या. पेशंट गावातल्या दुसऱ्या हॉस्पिटलांत गेले, सिव्हिलला गेले. जेवढ्या सिस्टर तेवढ्याच खाटा, हे आधीच व्हायला हवं होतं.

सोबतच्या मैत्रिणींवर पडणारा भार मात्र खरा आहे, तो मी झाकणार नाही. तुम्ही गेलात की नव्या येईपर्यंत त्या आठ जणींना जड जाईल. त्यांना अंधारात ठेवू नका. नोटीस द्यायच्या आधी त्यांना सांगा, आणि नोटीसचा पूर्ण महिना नीट भरा. रात्रीतून निघून जाणाऱ्यांचा राग हॉस्पिटलवर निघत नाही, मागे राहिलेल्यांवर निघतो.

आता चार महिने का म्हटलं ते. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं पूर्ण होऊन पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यावर बोट ठेवून मागणी करता येते, जरी सगळी हॉस्पिटलं ती मुकाट्याने मान्य करत नसली तरी. तुमचे ते २४० दिवस अंदाजे चार महिन्यांत भरतील. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार १४ हजार असेल तर पाच वर्षांचे सुमारे ४० हजार होतात. तुमच्या घरी ही रक्कम लहान नाही. मात्र तब्येत आत्ताच ढासळत असेल, ड्यूटीवर चक्कर येत असेल, हात थरथरत असेल, तर ह्या ४० हजारांसाठी एक दिवसही थांबू नका.

ह्याच चार महिन्यांत नवी नोकरी शोधा आणि कागद गोळा करा. पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचा भरणा झालाय का ते बघा. पगारातून कापलेले पैसे भरलेलेच नाहीत असं निघतं कधीकधी. नव्या जागी तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि रक्कम ट्रान्सफर करा, काढू नका. पीएफच्या पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात आणि त्यातली तुमची चार भरली आहेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत कधी संपते, तेही आत्ताच तपासा.

अनुभवाच्या दाखल्यावर तारखा, पद, विभाग आणि हॉस्पिटलच्या खाटांची संख्या लिहून मागा. खाटांवर मी जोर देतेय कारण एम्सच्या नॉरसेट परीक्षेला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचं ६० खाटांचं आहे. दाखल्यावर ते नसेल तर कागदपत्रं तपासताना अडतं.

मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे असतील तर ती आधी परत घ्या. नोकरीत अडकवण्यासाठी माणसाची प्रमाणपत्रं दाबून ठेवण्याचा हक्क कुठल्याही हॉस्पिटलला नाही. "बँकेच्या कामाला हवीत" म्हणून मागा, नाही दिली तर लेखी मागा. ठराविक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून दिला असेल तर त्याची प्रत वाचा. मुदत संपली असेल तर प्रश्नच मिटला. संपली नसेल तरी लिहिलेली पूर्ण रक्कम डोळे झाकून भरायची नसते, वाजवी नुकसानभरपाईपुरतीच ती मागता येते. तिथे वकिलाला एकदा कागद दाखवणं बरं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण तुमचं लग्न ठरलंय असं लिहिलंय म्हणून सांगते. प्रसूती रजेच्या पगारासाठी त्याच मालकाकडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. नोकरी बदलण्याचा महिना ठरवताना हे डोक्यात असू द्या.

जायचं कुठे? दुसरं खासगी बघताना पगाराआधी विचारा की रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात. आणि शक्य झालं तर रात्री नऊच्या सुमारास त्या वॉर्डात एक फेरी मारा. तिथल्या सिस्टरना जेवायला वेळ मिळतो का, एवढं विचारलं तरी पुरे. पगाराच्या बोलणीत एक गोष्ट जवळ ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने शिफारस केली आहे की ५० ते १०० खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार सरकारी पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली नसावा. राज्यात अधिपरिचारिकेचं (सरकारी स्टाफ नर्स) सुरुवातीचं मूळ वेतनच ३५,४०० आहे. तुमचे १७ हजार कुठे बसतात ते बघा. ती शिफारस आहे, तिच्या जोरावर उद्या पगार वाढेल असं मी म्हणत नाही. पण मागायला बसताना आपण जास्त मागतोय असं वाटू देऊ नका.

सरकारी भरतीचे अर्ज मात्र प्रत्येक वेळी भरा: वैद्यकीय शिक्षण विभाग, जिल्हा रुग्णालयं, महानगरपालिका, ईएसआयसी (कामगार विमा), नॉरसेट. सरकारीत गर्दी कमी असते अशा समजात येऊ नका. आमच्याकडे खाली गाद्या टाकून पेशंट असतात आणि सिस्टरांच्या जागा इथेही रिकाम्या आहेत. फरक असा की रजा हक्काची असते, पगार वेळेवर होतो आणि संघटना असल्याने बोलायला माणसं असतात. जर्मनीचा विचार करत असाल तर महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्यात परिचारिकाही आहेत. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. डबल ड्यूटी करून तो अभ्यास होणार नाही, त्यामुळे आधी रात्रीची झोप मिळेल अशी नोकरी धरा.

फक्त एका हॉस्पिटलामुळे नर्सिंगच सोडायचा विचार करू नका. "आता एखाद्या ऑफिसात बसेन" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तीन महिने पूर्ण झोप झाल्यावरही तसंच वाटलं तर जरूर विचार करा.

आजची रात्र ड्यूटीवर असाल तर आरएमओंना (हॉस्पिटलातल्या निवासी डॉक्टरांना) आधीच सांगून ठेवा की हाय अलर्ट औषध द्यायच्या वेळी तपासायला त्यांनी स्वतः यावं, आणि ते आल्याची वेळ चार्टवर लिहा.