क्लाउड रॅनचे फायदे-तोटे काय? खान्देशात ते चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: क्लाउड रॅनचे (रॅन म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणारी टॉवर-रेडिओची यंत्रणा) फायदे-तोटे, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारकडे ते बसवावं का. मी इथे टॉवरच्या देखभालीचं काम करतो, म्हणून आधी मत सांगतो. जळगाव शहरात जरूर बसवावं, सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगावला मुळीच नको. सगळं फायबरवर अडतं.

नेहमीच्या टॉवरवर वर अँटेना आणि रेडिओ असतो आणि खाली बेसबँड युनिट, म्हणजे सिग्नलचं गणित करणारा डबा. क्लाउड रॅनमध्ये हे डबे काढून अनेक टॉवरचं गणित एकाच केंद्रातल्या सर्व्हरवर होतं. 2010 च्या सुमारास चायना मोबाइलने ही कल्पना जोरात पुढे आणली.

मोठा फायदा सर्व्हरची ताकद वाटून घेण्याचा. दिवसा एमआयडीसी आणि गोलाणी मार्केटला लोड असतो, रात्री तोच पिंप्राळा-महाबळकडे सरकतो. प्रत्येक शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेण्यापेक्षा गावात चार ट्रॅक्टर फिरते ठेवावेत, तसं हे आहे. शेजारचे टॉवर एकाच जागी जोडलेले असल्याने ते एकमेकांचा अडथळाही कमी करू शकतात, आणि दोन टॉवरच्या मध्ये राहणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. शिवाय मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा बेसबँडच्या केबिनचा एसी आणि त्यासाठीचं डिझेल हे खर्चाचं मोठं कलम असतं. ते बरंच वाचतं. मात्र वीज सर्वात जास्त खातो तो वरचा रेडिओ, आणि तो जागेवरच राहतो.

वाटून घेण्याचा फायदा यात्रेतही होईल, असं अनेकांना वाटतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गर्दी उसळते तेव्हा सहसा अपुरं पडतं ते स्पेक्ट्रम (कंपनीला मिळालेल्या रेडिओ लहरींचा पट्टा) आणि रेडिओ. केंद्रात कितीही सर्व्हर लावले तरी ते वाढत नाहीत.

आता खरी अडचण. फोनकडून आलेला डेटा नीट मिळाला की नाही, हे कळवायला एलटीईत (म्हणजे 4जीत) बेस स्टेशनला साधारण 3 मिलिसेकंद मिळतात. त्यातले बहुतेक गणितातच जातात. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे 5 मायक्रोसेकंद लागतात, म्हणून केंद्र साधारण 20 किलोमीटरच्या आतच हवं. दुसरं म्हणजे, 20 मेगाहर्ट्झ आणि दोन अँटेनांच्या एका सेक्टरला, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या भागाला, जुन्या सीपीआरआय पद्धतीत (रेडिओचा कच्चा सिग्नल फायबरवरून केंद्राकडे पाठवण्याची पद्धत) सुमारे 2.5 गिगाबिट प्रति सेकंद लागतात, आणि ग्राहकाला मिळणारा वेग जास्तीत जास्त 150 मेगाबिट! रात्री तीनला कोणी फोन वापरत नसला तरी हा प्रवाह तेवढाच वाहतो. 5जीच्या 64 अँटेनांना ही पद्धत परवडणारच नाही. म्हणून आता गणिताचा काही भाग रेडिओतच ठेवतात; 2018 साली स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेची 7.2 नावाची विभागणी तशीच आहे.

केंद्र बंद पडलं तर शहराचा मोठा तुकडा एकदम मुका होतो. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली की काय होतं, ते इथल्या प्रत्येक टेक्निशियनने पाहिलंय. फायबर दोन वेगळ्या वाटांनी आलेलं नसेल तर मी या योजनेला होकार देणार नाही.

धडगाव-तोरणमाळला डोंगरातून फायबर नेणं आणि टिकवणं कठीण, तिथे मायक्रोवेव्हच (टॉवर ते टॉवर बिनतारी दुवा) भरवशाचा. तो सीपीआरआयचा भार पेलत नाही. पण 5जीत बेसबँडचे दोन भाग होतात: घाईचं गणित करणारा डीयू टॉवरखाली ठेवा, कमी घाईचं काम करणारा सीयू नंदुरबारला किंवा धुळ्याला न्या. या दोघांमध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर चालतो. सातपुड्याला ही रचना मला योग्य वाटते.

तुम्ही प्रोजेक्ट करणार असाल तर नकाशावरचं सरळ अंतर घेऊ नका. जळगाव-भुसावळ रस्त्यानेच 25 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि केबल वळसे घेत गेली तर लांबी आणखी वाढते. आधी प्रत्यक्ष केबलची लांबी मिळवा, मगच केंद्राची जागा ठरवा.