रेडिओ कंट्रोलवर चालणारी मोठी युद्धनौका घरी बनवायची आहे, अनुभव शून्य. सुरुवात कुठून करू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की लांबी निदान पाच फूट हवी, जहाज अजून ठरलेलं नाही, आणि शाळेतल्या थर्मोकोलच्या प्रोजेक्टनंतर हाताने काही बनवलेलं नाही. मी सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. समुद्र बघायचा तर सह्याद्री ओलांडून जावं लागतं. माझ्याकडून साडेपाच फुटी क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, झाली, तर तुमच्याकडूनही होईल. अडीच वर्षांचे रविवार गेले. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरचे इथे वाचतात.

"आधी छोटी होडी करून हात बसवा" असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मला तो पटत नाही. त्याचं कारण वजनाच्या हिशोबात आहे आणि हा हिशोब कळला की निम्मं काम झालं. 1:100 स्केल घेतलं तर लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी शंभर पटीने कमी होते, म्हणून वजन दहा लाख पटीने कमी होतं. खऱ्या जहाजाचा मीटर तो आपला सेंटिमीटर आणि हजार टन म्हणजे एक किलो. माझं जहाज 'आयएनएस दिल्ली', म्हणजे जुनी क्रूझर. मूळ ब्रिटिश 'अकिलीज', 1939 मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढलेली. 1948 ला ती भारताकडे आली आणि आपल्या नौदलाची पहिली क्रूझर झाली. लांबी सुमारे 169 मीटर, रुंदी 17, पूर्ण भारात साधारण 9,700 टन. मॉडेल 169 सेंटिमीटरचं आणि वजन 9.7 किलो. आता हीच नौका 1:200 ने करा. लांबी 85 सेंटिमीटर, पण वजन फक्त सव्वा किलो! त्यात बॅटरी, दोन मोटर, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर), लाकूड सगळं कोंबायचं. नवशिक्याला ते झेपत नाही. तेव्हा मोठं जहाज करायची तुमची इच्छा मुळीच वेडेपणाची नाही.

मात्र जहाज निवडताना रुंदी बघा. डिस्ट्रॉयर (क्रूझरहून लहान, वेगवान युद्धनौका) दिसायला देखणी असते, पण अरुंद, जरा डोकं जड झालं की कलंडते. सध्या सेवेत असलेल्या जहाजांच्या तर पाण्याखालच्या आकाराचा आराखडा मिळणंच मुश्कील. जुनी ब्रिटिश बांधणी त्या मानाने सोपी पडते. ग्रीनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये अशा आराखड्यांचा मोठा संग्रह आहे, आणि 'अकिलीज'च्या लिएंडर वर्गाची ड्रॉइंग मॉडेलवाल्यांनीही काढलेली आहेत.

ड्रॉइंग मिळालं की वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्या फ्लेक्सवाल्याकडे जा. पूर्ण आकारात छापून देतो, स्वस्तात. छापण्याआधी ड्रॉइंगवर बरोबर एक मीटरची रेघ मारून ठेवा आणि छापून आल्यावर ती टेपने मोजा. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये मीटरमागे चार मिलिमीटर खाल्ले होते.

फोटोंच्या बाबतीत माझी फजिती सांगतो. 'अकिलीज'चे 1939 चे फोटो समोर ठेवून मी चार टरेट (तोफांचे फिरते बुरूज) केली, दोन पुढे, दोन मागे, प्रत्येकी दोन तोफा. एकेका तोफेचं तोंड पोकळ करायला रिकामी रिफिल वापरली. सगळं रंगवून, मागे तिरंगी निशाण लावून झाल्यावर गोव्याच्या कारवाईच्या सुमाराचा, 1961 च्या आसपासचा फोटो पाहिला. मोजली तर टरेट तीन! 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडालकॅनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब मागच्या दोन टरेटपैकी वरच्यावर पडला, आणि दुरुस्तीत ते काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. भारतात आली ती तीन टरेटची. माझं चौथं टरेट आता टीव्हीजवळ पेपरवेट म्हणून बसलंय. तुम्ही जहाज ठरवताना सालही ठरवा आणि त्या सालाबाहेरचा फोटो कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवा.

आता हल, म्हणजे जहाजाचं पोट. दर दहा सेंटिमीटरवर एक आडवी फ्रेम, चार मिमी प्लायची. कणा सहा मिमीचा. सगळं एका सरळ फळीवर उलटं उभं करायचं आणि वरून पाइनच्या दोन मिमी जाड पट्ट्या चिकटवत जायचं. इथे सगळेच एक चूक करतात. ड्रॉइंगमधली रेघ जहाजाच्या बाहेरच्या अंगाची असते, म्हणून प्रत्येक फ्रेम पट्टीच्या जाडीइतकी आत कापायची. विसरलात तर जहाज चार मिमी लठ्ठ होतं. पट्ट्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा जोडीने लावा. मी एक बाजू आधी पूर्ण केली, कारण दिसायला छान दिसत होतं. त्या ओढीने कणा केळ्यासारखा वाकला. तो पहिला हल गच्चीवर आहे, आई त्यात कोथिंबीर लावते. दुसऱ्या वेळी गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली आणि रोज काम सुरू करण्याआधी फळीची दोन्ही टोकं तपासली. पुढच्या टोकाला कोकणात नाळ म्हणतात. तिथे पट्ट्या फार वळवाव्या लागतात, गरम पाण्यात भिजवून घ्या.

पट्ट्यांवर फायबरचं पातळ कापड आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिनमध्ये हार्डनर कालवला की घट्ट होणारा गोंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इपॉक्सी हे जनावर आहे. मे महिन्यात, दुपारी, बेचाळीस डिग्रीत मी मगभर रेझिन कालवलं. कापड पसरेपर्यंत मगातून धूर यायला लागला, अख्खा मग वितळून खाली बसला आणि बायकोने मला मगासकट अंगणात काढलं. रेझिन भांड्यात साचलं की आपल्याच उष्णतेने तापतं आणि आणखी भराभर घट्ट होतं. पहाटे काम करा, थोडं थोडं कालवा आणि पसरट थाळीत ओता. हार्डनर अंदाजाने टाकू नका, डिजिटल काट्यावर मोजा. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल.

यानंतर बहुतेक जण डेक, केबिन, तोफा करायला बसतात, कारण मजा त्यात असते. थांबा. माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच आहे: नुसता उघडा हल आधी पाण्यात घाला. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि अंगणातला सहा फुटी सिमेंटचा हौद त्याच दिवशी काठोकाठ भरतो. त्यामुळे माझ्या चाचण्या पाण्याच्या दिवशी. आई हंडे भरत असताना मी हौदात युद्धनौका सोडायचो, आणि ती म्हणायची, "आधी प्यायचं भरू दे, मग लढाई कर."

हलवर पाण्याची रेघ आखून घ्या आणि रेघ पाण्याला टेकेपर्यंत आत वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवा. त्या पिशव्या काढून तोला. हे तुमचं बजेट, यातूनच बॅटरी, मोटर, डेक, तोफा, रंग, सगळं भागवायचं. माझा हल 2.6 किलो, बॅटरी 2.3, मोटर-शाफ्ट-वायरिंग 0.9, वरचं सगळं बांधकाम 1.1 किलो. उरलेले 2.8 किलो शिसं कण्याच्या दोन्ही बाजूंना तळाशी. टायरवाल्यांकडे व्हील बॅलन्सिंगचे काढून टाकलेले शिशाचे तुकडे मिळतात. ते रेझिनमध्ये पक्के बसवा. सुटं शिसं एका बाजूला सरकलं की जहाज गेलंच. वजन वर जितकं कमी तितकं चांगलं. म्हणून केबिन, चिमणी वगैरे मी लाकडाऐवजी पाट्या करणाऱ्यांकडच्या सनबोर्डच्या (हलक्या फोम शीटच्या) तुकड्यांत केलं. प्रत्येक भाग चिकटवण्याआधी काट्यावर ठेवून वहीत लिहायचा. मग हौदात जहाज हाताने कलतं करून सोडायचं. झटकन उभं राहिलं तर ठीक. विचार करत करत उठलं तर वरून काहीतरी कमी करा.

मोटरीबद्दल फार डोकं खाऊ नका. वेग स्केलच्या वर्गमुळाने कमी होतो. 'दिल्ली'चा मूळ वेग साडेबत्तीस नॉट, शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणून मॉडेलला सव्वातीन नॉट पुरतात. झपझप चालणाऱ्या माणसाइतका वेग. बारा व्होल्टच्या दोन साध्या मोटर आणि यूपीएसची 7 अँपिअर-तासाची बॅटरी भागवते. बॅटरी जड आहे, पण आपल्याला तळाला वजन हवंच आहे. खऱ्या जहाजाला पाण्याखाली चार पंखे (प्रोपेलर) होते, मी दोनच फिरवतो, बाकी दोन शोभेचे. दोन पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे घ्या, एक डावा, एक उजवा. शाफ्टसाठी, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांडीसाठी, पितळी नळीत गनमेटलचे बुश बसवून घेतले. आमच्या लेथवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण जहाज बघायला तीनदा आला. नळीत ग्रीस गच्च भरा, पाणी आत येतं ते तिथूनच. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर कॉफीच्या मिक्सरसारखा आवाज येतो.

रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा घ्या. या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेघेच्या वर हवी. सिग्नल तुटला की मोटर बंद होईल असं सेटिंग घरीच करून तपासा.

पाण्यात सोडायच्या जागेबद्दल. कंबर तलावाला जलपर्णी आहे, पंख्यात अडकते. मी पहाटे हिप्परग्याला गेलो, तुळजापूर रस्त्याला. वारा सुटायच्या आत परत यायचं, कारण पाच सेंटिमीटरची लाट आपल्याला काहीच वाटत नाही, पण या जहाजाच्या हिशोबात ती पाच मीटरची असते. पहिल्याच फेरीत काठापासून चाळीस पावलांवर एक पंखा जाळ्याच्या दोऱ्यात गुंडाळला आणि जहाज गोल गोल फिरायला लागलं. एका मासेमाराने ट्यूबवर जाऊन आणून दिलं. हातात धरून वरखाली बघितलं आणि विचारलं, "यात मासे किती बसतील?" तेव्हापासून नाळेला मासेमारीची तंगूसची दोरी बांधूनच सोडतो, नवा पाण्याचा पट्टा असेल तर.

एक राहिलं: हल सुरू करण्याआधी जिन्याचं वळण मोजा. 169 सेंटिमीटर कागदावर कमी वाटतात. माझं जहाज वरच्या खोलीतून खाली आणताना सज्जावरून दोराने उतरवावं लागलं, अख्खी गल्ली जमली होती.

जहाज ठरलं की लांबी, रुंदी आणि टनाचा आकडा इथे लिहा. वजनाचा हिशोब घालून देतो.